पुणे ते सावंतवाडी, नव्वदच्या पुढं थरथरत

शिरवळ मागं पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा नव्वदच्या पुढं सरकला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. हलकं नाही, चांगलंच. मनगटाला मुंग्या याव्यात इतकं. चारच दिवसांपूर्वी पुण्यात अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, आणि बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक तोलणं, करून घेतलं होतं, पावती अजून डॅशबोर्डच्या खणात होती. त्याआधी थरथर होती ती जेमतेम जाणवेल इतकी. आता दुप्पट.

शेजारी आप्पा. माझे वडील, एसटीत तीस वर्षं चालक. त्यांनी समोरच्या ट्रकवरची नजर न हलवता निकाल दिला, "टायरॉड एंड गेलाय." म्हणजे स्टेअरिंगची ओढ पुढच्या चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा. मागं बायको आणि मुलगी. रविवारी सावंतवाडीला मामेबहिणीच्या मुलाचं बारसं होतं, त्यामुळं परत फिरायचा प्रश्न नव्हता. गाडी आठ वर्षांची हॅचबॅक, लोखंडी रिमा, टायर १८५/६५ आर १५.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खेड शिवापूरपर्यंत गर्दी इतकी की सत्तरच्या वर जायला मिळालं नाही, म्हणून शिरवळपर्यंत कळलंच नाही. हा या दुखण्याचा स्वभाव आहे. शहरात गाडी गुणी बाळासारखी वागते, मेकॅनिक कॉलनीत एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काही नाही साहेब, मस्त आहे." मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-शंभरला नेल्याशिवाय ती काही बोलत नाही. लांबच्या प्रवासाआधी काम करून घेतलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेला वीस किलोमीटर जाऊन या. मी गेलो नव्हतो.

खंबाटकीचा घाट चाळीसनं चढलो. स्टेअरिंग शांत. टायरॉड एंडला किंवा चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या बॉल जॉइंटला खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला असता तर खड्ड्यात खडखड ऐकू आली असती, गाडी रेषेत धरायला कष्ट पडले असते. तसं काहीच नव्हतं. आप्पांना हे बोललो. ते म्हणाले, "एसटीला असंच व्हायचं." एसटीच्या पुढं वाद घालता येत नाही.

घाट उतरून सुरूर आणि भुईंजच्या दरम्यान सरळ रस्ता मिळतो. तिथं मी ठरवून चार गोष्टी बघितल्या. तुम्हीही बघा, पण मागं-पुढं गाडी नसताना, डाव्या बाजूला राहून आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून.

आधी नेमका वेग. पंच्याऐंशीला सुरू, पंच्याण्णवला सगळ्यात जास्त, एकशेपाचला पुन्हा कमी. ही चढ-उतार फार बोलकी असते. माझ्या मापाचं टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातं, म्हणजे नव्वदच्या वेगात चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. चाक, ते ज्यावर बसतं तो हब आणि सस्पेन्शनचं जे जड गाठोडं स्प्रिंगच्या खाली लटकतं, त्याचा स्वतःचा हेलकाव्याचा ताल सेकंदाला १० ते १५च्या आसपास असतो. दोन ताल जुळले की झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका दिल्यासारखं होतं. वेग आणखी वाढला की ताल सुटतो आणि थरथर उतरते. ती उतरली म्हणून दुखणं गेलं असं समजून एकशेवीसनं हाकणारे मी पाहिले आहेत.

मग क्लच. पंच्याण्णवला क्षणभर क्लच दाबला. इंजिनचे फेरे खाली आले, थरथर जिथल्या तिथं. म्हणजे इंजिन किंवा त्याचं माउंटिंग, म्हणजे इंजिन बसवलेले रबरी आधार, नाही. माउंटिंग असतं तर उभ्या गाडीत रेस वाढवल्यावरही हादरे जाणवले असते.

ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. फरक नाही. जोर लावला की थरथर आणि पाय काढला की शांत असं झालं, तर संशय चाकाला जोर पोचवणाऱ्या एक्सल शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर घ्यायचा. मग हळूच ब्रेक. तरीही तसंच. फक्त ब्रेक लावताना स्टेअरिंग हललं आणि पायाखाली पेडल धडधडलं, तर तो ब्रेक डिस्कचा विषय. डिस्कची जाडी कुठं कमी कुठं जास्त झाली की असं होतं. त्यासाठी टायरवाल्याकडं जाऊन उपयोग नाही.

राहिलं चाक. पण कुठलं? थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुतेक वेळा पुढचं, सीट आणि फरशी हलत असेल तर मागचं. बायकोला विचारलं, मागं काही जाणवतंय का? ती म्हणाली, "तू आणि आप्पा शांत बसलात तर काही जाणवेल."

कराडच्या अलीकडं जेवायला थांबलो. ढाब्याच्या मागं सावलीत गाडी लावली आणि पुढच्या दोन्ही टायरांवरून तळहात फिरवला, आतल्या बाजूनंही. कुठं फुगा नाही, गाठ नाही, एका जागी घासलेलं नाही. फुगा सापडला तर मात्र तिथंच स्टेपनी चढवा. पुढचं गाव येईपर्यंत थांबू नका, कारण आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही. नट हलवून बघितले, घट्ट होते. आप्पांच्या समाधानासाठी डावं चाक जॅकवर उचललं. घड्याळातले तीन आणि नऊ जिथं असतात तिथं धरून हिसडा दिला. टायरॉड एंडला खेळ असेल तर इथं कळतो. बारा आणि सहावर धरून हिसडा दिला. बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा खेळ इथं लागतो. चाक एकदम घट्ट. उजवंही तसंच. आप्पांनी स्वतः दोनदा हिसडा दिला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "गरम झाल्यावर खेळ येत असेल."

कराडमध्ये एका पंक्चरवाल्याकडं मी जे काम करून घेतलं, ते या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं. डावीकडचं पुढचं चाक मागं, मागचं पुढं. बस्स. मशीन लागत नाही, फक्त जॅक आणि पाना. एकाच बाजूची चाकं आपसात बदलायची, म्हणजे दिशेचा बाण असलेली टायर असली तरी अडचण येत नाही. आणि एका वेळी एकच जोडी. चारही हलवली तर काय कळलं ते कळत नाही. नट चाक अधांतरी असतानाच हातानं बसवून, समोरासमोरचे एकाआड एक आवळत नेले. एक पूर्ण आवळून मग शेजारचा असं केलं तर रिम तिरकी बसते आणि नवीनच थरथर पाठीमागं लागते. पाना पायानं दाबून वर उभं राहणाऱ्या पोराला थांबवा. नट आवळायला छोट्या गाड्यांना साधारण १०० ते ११० न्यूटन मीटरचा पीळ पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

कराड सोडलं. पुढं सहापदरीकरणाची कामं, वळणं, सर्व्हिस रोडची धूळ, त्यामुळं वेग मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. कासेगावच्या पुढं एक तुकडा मिळाला. पंच्याण्णव. स्टेअरिंग शांत! आणि मागून मुलगी म्हणाली, "बाबा, माझी सीट गुदगुल्या करतेय."

चोर सापडला होता. तो आता मागच्या डाव्या बाजूला बसून कोल्हापूरला निघाला होता.

कोल्हापुरात शिरोलीच्या बाजूला एका टायरवाल्याकडं गेलो. त्यानं चाक काढलं, उलटं केलं आणि आत बघूनच हसला. "कुणी केलंय ओ हे? चिखलासकट तोललंय की." रिमच्या आतल्या कडेला वाळलेल्या चिखलाचे थर होते आणि एका जागी मोठा ढलपा निघून गेलेला स्वच्छ डाग. समोरच पन्नास ग्रॅमची वजनं चिकटवलेली. उलगडा झाला. पुण्यात चाक न धुता मशीनवर चढवलं, चिखलाचं वजन भरून काढायला समोर शिसं लावलं, पुढं प्रवासात तो ढलपा पडला. आता जे शिसं दुखण्यावर लावलं होतं तेच दुखणं झालं होतं.

पन्नास ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. रिमच्या कडेला लावलेलं ३० ग्रॅमचं वजन घ्या. शंभरच्या वेगात ते साडेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला १४ वेळा दिशा बदलते. पन्नासच्या वेगात तोच जोर जेमतेम चौथा हिस्सा, म्हणून गावात काही कळत नाही.

त्यानं जुनी वजनं सगळी काढली, चिखल खरवडला, चाक धुतलं आणि मग मशीनवर चढवलं. आतल्या बाजूला तरीही ३५ ग्रॅमचा फरक दाखवत होतं. इथं दुसरा कोणी ३५चं वजन ठोकून मोकळा झाला असता. ह्यानं रिमच्या आतल्या कडेजवळ खडू धरला आणि चाक हळू फिरवलं. खडूची रेघ अर्ध्याच भागात उमटली. कड दोनेक मिलिमीटर आत दबली होती. ऑगस्टमधला एक खड्डा मला आठवला, आप्पांनाही आठवला, त्यांनी बोलून दाखवला. बाहेरून रिम ठणठणीत दिसते. मार बसतो आतल्या कडेला, आणि तिकडं कोणी बघत नाही. ढाब्यावर मीही फक्त टायर चाचपलं होतं, रिम नाही.

लोखंडी रिम ठोकून बरीच सरळ होते. अलॉय असेल तर वाकलेली मशीनवर काढून देतात, पण तडा गेलेली वेल्डिंग करून पुढच्या चाकाला वापरू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. माझ्याकडं त्याहून सोपा उपाय होता. स्टेपनीची रिम त्याच मापाची आणि कोरी होती. टायर तिच्यावर चढवलं, वाकडी रिम स्टेपनीला गेली. काही गाड्यांत स्टेपनी छोट्या मापाची येते, तिथं हे जमणार नाही, आधी बघून घ्या.

नव्या रिमवर १०-१५ ग्रॅममध्ये काम भागलं. मग मी त्याला एक विनंती केली, ती तुम्हीही करा. चाक मशीनवरून सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचं आणि परत आकडा बघायचा. शून्याच्या जवळ राहिला तर काम खरं. वीस-पंचवीसनं बदलला तर चाक मशीनच्या शंकूवर नीट बसलेलंच नव्हतं, सगळा हिशेब खोटा. ह्या भल्या माणसानं विनंती ऐकून भुवई उंचावली, पण केलं, आणि आकडा पाचच्या आत राहिला. उरलेली तिन्ही चाकंही धुवून तोलून घेतली.

अलाइनमेंटचं त्यानं नाव काढलं नाही. मीच विचारलं. तो म्हणाला, "गाडी बाजूला ओढती का? न्हाई ना? मग कशाला?" अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतं, स्टेअरिंग वाकडं राहतं. थरथर तिच्यानं होत नाही. तरी थरथरीची तक्रार घेऊन गेलं की आधी अलाइनमेंटच्या पिटावर गाडी चढवतात, कारण तिथं स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे दिसतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. मीही झालो होतो.

आजूबाजूच्या दोन शक्यता सांगून ठेवतो. गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायर खालून चपटं बसतं. पहिले पंधरा-वीस किलोमीटर थरथर आणि टायर तापल्यावर शांत, असं झालं तर खर्च करू नका. आणि बाहेरून अलॉय बसवली असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे का ते बघा. मोठं असेल तर मधली कडी लागते, नाहीतर चाक मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर असा खेळ वर्षभर चालतो.

कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. निपाणीपर्यंत शंभरला स्टेअरिंग असं स्थिर की मी मुद्दाम दोनदा वेग खालीवर केला. आंबोली दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका आणि डिस्क तापलेल्या असताना गाडी थांबवलीत तर पेडल दाबून उभे राहू नका, सपाटीवर हँडब्रेकवर सोडा. तापलेल्या डिस्कला पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि पुढं ब्रेक लावताना स्टेअरिंग हलायला लागतं.

बारसं छान झालं. जेवताना आप्पा मामेबहिणीच्या सासऱ्यांना सांगत होते की रिम आउट असणार हे त्यांनी शिरवळलाच ओळखलं होतं. मी सोलकढी घेतली.

सोमवारी परतताना निपाणीच्या पुढं हायवेला लागलो आणि नव्वदला पुन्हा बारीक थरथर. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत आप्पांनी हातानं डावीकडं घ्यायची खूण केली. कागलच्या अलीकडं सर्व्हिस रोडला उतरून थांबलो. आप्पा उतरले, बांधावरची एक काटकी मोडून घेतली, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि रिमच्या आतून सावंतवाडीच्या मामांच्या परड्यातली लाल माती खरवडायला लागले. मुठीएवढी निघाली. मग दुसरं चाक. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी आतून धार मारली, हात धुतले आणि गाडीत येऊन बसले.

कागलच्या पुढं शंभर. शांत.