फायरवॉलचा एक नियम आणि ॲडमिनची परवानगी

बार्शी तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रासाठी मी बिलिंगचा प्रोग्राम लिहिला होता. एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस काउंटरच्या कॉम्प्युटरवर होता आणि मागच्या गोडाऊनमधला कॉम्प्युटर त्यालाच जोडायचा होता. त्यासाठी काउंटरच्या विंडोज फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत, १४३३ हा पोर्ट (जोडणीचं दार) उघडावा लागतो. एका बटणात काम व्हावं म्हणून माझ्या सी-शार्प भाषेतल्या प्रोग्राममधून 'नेटशेल' या विंडोजच्या नेटवर्क-साधनाची आज्ञा चालवली. घरी सगळं सुरळीत झालं.

दुकानात बटण दाबलं, 'झालं' असा संदेश आला, पण गोडाऊनचा कॉम्प्युटर काही जोडला जाईना. केबल, राउटर, आयपी तपासण्यात तास गेला. मग लक्षात आलं की नेटशेल संपताना जो आकडा परत देतं, तो मी पाहतच नव्हतो. ० म्हणजे काम झालं; इथे तो ० नव्हता, १ होता. घरी मी व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे प्रोग्राम लिहायचं साधनच, ॲडमिन म्हणून (पूर्ण अधिकारांनी) उघडत असे, आणि त्यातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) तेच अधिकार आपोआप मिळत होते. दुकानात काउंटरवरच्या मुलाचं खातं साधं होतं.

घाईत मी सोपा उपाय केला: मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कोणते अधिकार हवेत ते विंडोजला सांगणाऱ्या फाईलमध्ये, 'रिक्वायर-ॲडमिनिस्ट्रेटर' लिहून अख्खा प्रोग्रामच ॲडमिन केला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. प्रोग्राम उघडायला दर वेळी शेठच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड लागत होता, हा त्रास होताच. पण पासवर्ड शेठचा दिला की प्रोग्रामही शेठच्या खात्यात चालतो. त्या खात्याचा डीफॉल्ट प्रिंटर वेगळा होता, त्यामुळे छोट्या रोलवर निघणारी बिलं ए-फोर कागदावर यायला लागली. बॅकअपचा झेड ड्राइव्ह मुलाच्या खात्यात जोडलेला, तो गायब. कंपनीच्या दरांची एक्सेल फाईल ओढून खिडकीत टाकायची सोय होती, तीही बंद पडली. कारण साध्या अधिकाराच्या खिडकीतून ॲडमिनच्या खिडकीत काही ओढून टाकणं विंडोज मुद्दाम अडवतं.

मग शांतपणे बसून यूएसी, म्हणजे वाढीव अधिकारांआधी परवानगी विचारणारी विंडोजची व्यवस्था, मुळापासून समजून घेतलं. व्हिस्टापासून ॲडमिन माणूस लॉगिन झाला तरी त्याला दोन टोकन (अधिकारांचे परवाने) मिळतात, एक पूर्ण आणि एक छाटलेलं. रोजची कामं छाटलेल्यावरच चालतात. आणि कुठलीही प्रोसेस एकदा सुरू झाली की मधेच स्वतःचे अधिकार वाढवू शकत नाही. वाढीव अधिकार हवे असतील तर नवी प्रोसेसच सुरू करावी लागते. हे कळल्यावर मांडणी सुचली: मुख्य प्रोग्राम साधाच ठेवायचा आणि फायरवॉलचा नियम घालणारा एक छोटा वेगळा प्रोग्राम करायचा.

तो सुरू करताना प्रोसेस-स्टार्ट-इन्फोमध्ये, म्हणजे प्रोसेस कशी सुरू करायची त्या सेटिंगमध्ये, 'व्हर्ब'ला 'रनॲज' (ॲडमिन म्हणून चालव) दिलं. तरीही परवानगीची खिडकी येईना, उलट ७४० क्रमांकाची त्रुटी, म्हणजे वाढीव अधिकार हवेत. माझा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेटवर होता. तिथे 'यूज-शेल-एक्झिक्यूट' (विंडोज शेलमार्फत प्रोग्राम सुरू करण्याची सेटिंग) मुळात बंद असतं, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ते चालू असायचं. ते बंद असेल तर 'रनॲज'कडे कोणी पाहतच नाही. 'ट्रू' केलं आणि स्क्रीन मंद होऊन खिडकी आली. मात्र त्या मार्गाने गेलं की छोट्या प्रोग्रामचं आउटपुट मुख्य प्रोग्रामला थेट वाचता येत नाही. म्हणून तो संपेपर्यंत थांबून फक्त त्याचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना दिलेला आकडा, वाचतो. कोणी 'नाही' दाबलं तर १२२३ ही त्रुटी येते. मी तिला बिघाड मानत नाही. माणसाने विचार करून नकार दिलाय, त्याला लाल चौकट दाखवू नये. 'परवानगी मिळाली नाही, जोडणी केलेली नाही' एवढंच सांगतो.

सर्वांत जास्त विचार मी सुरक्षिततेचा केला. छोटा प्रोग्राम बाहेरून आलेली कुठलीही आज्ञा चालवत नाही. त्याला तो एकच नियम घालता येतो. तो 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्येच राहतो, कारण टेम्पसारख्या फोल्डरमध्ये ठेवला तर कोणीही त्याच्या जागी दुसरी फाईल ठेवून शेठच्या पासवर्डवर ती चालवेल. खिडकीत 'प्रकाशक अज्ञात' दिसत होतं, ते जावं म्हणून डिजिटल सही घेतली. बटणावर ढालीचं चिन्हही लावलं, म्हणजे दाबण्याआधीच कळतं की पासवर्ड लागणार.

पुढच्या खेपेला मुलाने ते बटण दाबलं आणि शेठना हाक मारली. शेठनी चष्मा लावून खिडकी वाचली.

"हे कशाला रे?"

"गोडाऊनचा कॉम्प्युटर जोडायला, शेठ. एकदाच लागेल."

त्यांनी पासवर्ड टाकला. मिनिटाभरात मागून आवाज आला, युरियाच्या गोण्या दिसायला लागल्या म्हणून.