बिकर म्हणजे भांडण नव्हे

दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी मी गुहागरच्या आमच्या घरी पडवीतच घेते. परवा एका मुलीने वहीत लिहिलं, 'बिकर (bicker) म्हणजे भांडण.' मी बरोबरची खूण केली नाही. तिने कारण विचारलं, तेव्हा तिला म्हटलं, खळ्यात बघ.

खळ्यात, म्हणजे अंगणात, आई आणि काकू रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होत्या. दोघींची बोटं लालभडक, मधे मिठाची बरणी.

"वहिनी, मीठ कमी पडतंय."

"पुरे तेवढं. गेल्या वर्षी तू घातलंस आणि आमसुलं तोंडात धरवेनात."

"गेल्या वर्षी ऊन तरी कुठे धड पडलं?"

"पडलं होतं. तूच साली वाळत घालायला उशीर केलास."

बोलता बोलता काकूने आईच्या घमेल्यातल्या साली आपल्याकडे ओढल्या आणि रसात बुडवायला लागली. दर मे महिन्यात हेच, याच क्रमाने. याला इंग्रजीत बिकर म्हणतात: क्षुल्लक गोष्टीवरून, पुन्हा पुन्हा, शब्दाला शब्द.

क्वॉरल म्हणजे खरं भांडण, ते त्याहून जड. स्क्वॉबल म्हणजे गोंगाटाची भांडाभांडी, बहुधा पोरांची. क्विबल म्हणजे बारीकसारीक मुद्द्यावर शब्दांचा कीस काढणं. आपली कुरबूर बिकरच्या जवळ जाते खरी, पण कुरबूर एकट्यानेही करता येते. बिकरला समोर कुणीतरी लागतंच, म्हणून वाक्यात 'दे' (ते) असा अनेकवचनी कर्ता येतो नाहीतर 'विथ', आणि कारणाआधी 'ओव्हर' किंवा 'अबाउट'. शिवाय हा शब्द बहुतेकदा ऐकणाऱ्याच्या तोंडी असतो. आई मुलांवर ओरडते, 'स्टॉप बिकरिंग!' वादातल्या मुलांना मात्र आपला मुद्दा क्षुल्लक वाटतच नसतो.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत बिकर म्हणजे चक्क हाणामारी, चकमक. पुढे तो नुसत्या तोंडातोंडीवर आला. जुन्या कवितेत खळखळत धावणाऱ्या ओढ्यालाही हेच क्रियापद लावलेलं आहे. आमच्या मागचा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, पावसाळ्यात तसाच वाजतो, त्यामुळे तो अर्थ मला फार आवडतो.

मुलीने विचारलं, "मग भांडण कोणतं?"

मी तिला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दाखवला. वाटणीच्या वेळी बाबा आणि काका याच्यावरून भांडले, आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. त्या अबोल्याला बिकर म्हणता येणार नाही. मला तर वाटतं, त्या दोघांनी मिठावरून जरी हुज्जत घातली असती तरी मी देवापुढे नारळ ठेवला असता.

मुलीने जुनं उत्तर खोडून वाक्य लिहिलं: 'दे बिकर ओव्हर सॉल्ट.' मी बरोबरची खूण केली.

उन्हं कलल्यावर काकू हात धुऊन उठली. गडग्याच्या बेड्याशी (फाटकाशी) थांबून म्हणाली, "उद्या मीठ मीच आणते."

"आण. मी घालणार नाही," आई म्हणाली.