पेटीवर देवगड

'काका, स्लॅबमधलं नाणं आहे, मग डोळे मिटून घ्यायला हरकत नाही ना?' रत्नागिरीत आमच्या ओटीवर जुनी नाणी घेऊन येणारे हल्ली हटकून हे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

स्लॅब म्हणजे नाणं तपासून, दर्जा ठरवून ज्यात बंद करतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकी कंपन्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. पण आपण कोकणातली माणसं. पेटीवर 'देवगड हापूस' छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा, असं आपल्यात कोण मानतं? पेंढा सारून आपण देठाशी नाक नेतो. डबीची गोम अशी की तिथे नाक नेताच येत नाही.

सुटं नाणं बोलतं. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडा कमी भरेल, पण ग्रॅम-दीड ग्रॅम कमी भरला तर समजा काय ते. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टोला दिला की चांदी कितीतरी वेळ गुणगुणत राहते. आजी तर सरळ उंबऱ्यावर टाकायची. ओतीव नकलेच्या कडेला बारीक शिवण सापडते, अक्षरांभोवती सुईच्या टोकाएवढी भोकं. (आणि आणण्याआधी आमसुलाने घासू नका, खऱ्या नाण्याचीही किंमत जाते.) १८१८ सालचं, रामदरबार असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं' नाणं मात्र आणूच नका. कंपनीने ते कधी पाडलंच नाही. ते जादूने तांदूळ स्वतःकडे ओढतं असं सांगणाऱ्याला तर चहासुद्धा विचारू नका.

एवढं माहीत असून मी फसलो, तो डबीतल्या रुपयात. १८४० चा, बिनमुकुटाच्या राणीचा. लेबलवरचा नंबर दर्जा देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला. साल जुळलं, दर्जा जुळला. मी खूश. तिथला फोटो मोठा करून बघायला मला चार महिने लागले. फोटोतल्या राणीच्या हनुवटीखाली काळा डाग होता, माझी राणी स्वच्छ. नंबर खरा होता, पण दुसऱ्याच नाण्याचा. मग डबी निरखली. लेबलवरची अक्षरं जरा पसरट, आणि जिथे दोन्ही अर्धुकं एकजीव हवीत त्या कडेला गोंदाचा पिवळट ओघळ. हे सगळं पहिल्या दिवशीही तिथेच होतं.

अडकित्त्याने डबी फोडली. सोनाराच्या काट्यावर रुपया भरला ९.८ ग्रॅम.

तो मी टाकून दिलेला नाही. कोणी डबी घेऊन आलं की आधी तो त्याच्या हातात ठेवतो, शेजारी आजीचा एक राणीछाप ठेवतो, आणि दोन्ही उंबऱ्यावर टाकायला सांगतो.