आमच्या घराचा आकडा साडेबावन्न

२०१९च्या ऑगस्टपर्यंत आमच्या घरी पुराची तयारी म्हणजे सासूबाईंची आठवण, एवढाच अर्थ होता. सांगलीच्या गावभागातले आमचे घर जुन्या बांधणीचे आहे; खाली तीन खोल्या, वर माडी आणि मागे मोरी. २००५च्या पुरात या घरात सव्वा फूट पाणी आले होते आणि त्याची खूण देवघराच्या भिंतीवर सासऱ्यांनी खिळ्याने कोरून ठेवली होती. तेव्हापासून पावसाळ्यात कोणी काळजीचा सूर लावला की सासूबाई त्या खुणेकडे बोट दाखवत. "अगं, कृष्णामाई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते, घर बघते नि परत जाते. यापेक्षा जास्त आलेली मी बघितली नाही." त्यांचे वय आणि अनुभव पाहता आम्हालाही ते पटत होते.

म्हणूनच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा आम्ही सगळे सामान त्या खुणेच्या हिशेबाने उचलले. सव्वा फुटाच्या दुप्पट, म्हणजे अडीच फुटांवर, टेबल, पलंग, चौरंग अशा मिळेल त्या वस्तूवर धान्याचे डबे, कपडे, मुलाची पुस्तके रचली आणि आपण दुप्पट सावध आहोत या समाधानात माडीवर जाऊन झोपलो. पाणी पाच फुटांपर्यंत चढले. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात; तिथे ती ५७ फुटांच्या वर गेली. रात्री खालून जो धाडकन आवाज आला तो फ्रिजचा होता. फ्रिज रिकामा असो वा भरलेला, पुरेशा पाण्यात तो तरंगतो आणि आडवा होतो, हे मला त्या रात्री कळले. तरंगत जाऊन तो स्वयंपाकघराच्या दारात असा अडकला की पाणी उतरल्यावर दार तोडूनच आत जावे लागले. चार दिवस आम्ही माडीवर काढले आणि पाचव्या दिवशी बोटीतून आलेल्या जवानांनी सासूबाईंना गॅलरीतून अलगद उतरवून घेतले.

घर धुऊन झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, मी मोजपट्टी घेऊन बसले. भिंतीवर चिखलाची रेघ इतकी ठळक होती की अंदाजाचा प्रश्नच नव्हता. उंबऱ्याच्या पातळीपासून ती रेघ बरोबर पाच फुटांवर होती. आयर्विनची सर्वोच्च पातळी साडेसत्तावन्न धरली, तर उंबरा साडेबावन्न फुटांवर येतो. मग २००५ची खिळ्याची खूण घेतली. त्या वर्षी पातळी चोपन्न फुटांच्या जरा खाली राहिली होती. त्यातून सव्वा फूट वजा केले तरी उत्तर चार बोटांच्या फरकाने तेच आले. गणिताच्या शिक्षिकेला यापेक्षा आनंदाचे काय असणार? नदीचे पाणी पुलापासून आमच्या गल्लीपर्यंत काही पूर्ण सपाट नसते, हे मला ठाऊक आहे, पण दोन वेगवेगळ्या पुरांचे उत्तर जुळले म्हटल्यावर घराला स्वतःचा आकडा मिळाला. सांगलीत इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु ते आकडे शहराचे आहेत. ज्यांचे घर दत्तनगरात किंवा सूर्यवंशी प्लॉटमध्ये आहे त्यांच्या दारात पाणी फार आधी पोहोचते आणि विश्रामबागेतल्या माणसाला तेच आकडे नुसत्या बातमीसारखे असतात. आपला उंबरा किती फुटांवर आहे हे कळल्याशिवाय बाकीची तयारी अंधारातली आहे, असे माझे ठाम मत झाले.

त्या आकड्यावरून मागे मोजत आम्ही एक कागद तयार केला आणि तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चाळीस फुटांना वरची टाकी काठोकाठ भरायची, गॅसची भरलेली टाकी माडीवर न्यायची, वाळूची पोती मोरीजवळ आणून ठेवायची. पंचेचाळिसाला दोन्ही वाहने विश्रामबागेत नणंदेच्या सोसायटीत लावून यायचे आणि सासूबाईंना तिथेच सोडायचे. अठ्ठेचाळिसाला खालचा मजला रिकामा करायचा आणि पन्नासाला खालच्या मजल्याची वीज बंद करून आपणही निघायचे. पन्नास आणि साडेबावन्न यांत अडीच फुटांचे अंतर आहे. वरच्या कोयना धरणातून विसर्ग वाढवलेला असेल आणि वरच्या भागात पाऊस चालूच असेल, तर हे अंतर एका रात्रीत भरते, म्हणून ते मुद्दाम ठेवले.

नुसत्या आयर्विनच्या आकड्यावर थांबायचे नाही, हेही हळूहळू शिकलो. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशी पातळ्यांची ओळ असते. सांगलीच्या वरच्या अंगाला असलेल्या भिलवडीला पाणी चढत असेल तर ते पुढे आपल्याकडेच येणार आहे, हे वेगळे सांगायला नको. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सुटले या बातमीने घाबरण्याचे कारण नसते. धरणाचे वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले ते पाहायचे असते. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणेवरच्या चांदोली धरणातून मोठा विसर्ग चालू असेल तर वारणेची फूग लागते आणि कृष्णेचे पाणी पुढे सरकेनासे होते. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पाणी तुंबते की नाही, हा वाद मी इथे काढत नाही; त्यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाचे स्वतंत्र मत आहे आणि कोणाचेही मत पाणी चढताना उपयोगी पडलेले मी पाहिले नाही.

सगळ्यात अवघड काम घरातलेच निघाले. वायरमनला बोलावून खालच्या मजल्यावरचे सगळे प्लग साडेपाच-सहा फुटांवर नेले आणि माडीची वीज वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे स्वतंत्रपणे बंद करता येणाऱ्या बटणावर, घेतली. यात दोन दिवस आणि बरेच पैसे गेले, पण वाद झाला नाही. वाद झाला तो प्लायवूडच्या कपाटांवरून. पुरात फुगलेली ती कपाटे फेकल्यावर पुन्हा तशीच करून घ्यावीत असे माझ्या पतींना वाटत होते, कारण सुतार ओळखीचा होता. अखेर खाली कडाप्पाच्या फरशीच्या मांडण्या आणि लोखंडी रॅक आले. दिसायला ते रेशन दुकानासारखे दिसते, हे मी मान्य करते. पण कडाप्पा धुता येतो.

मोरीचा धडा शेजाऱ्यांकडून मिळाला. २०१९मध्ये आमच्याकडे पाणी दारातून येण्याच्या कितीतरी आधी मोरीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून उलटे वर आले होते. गल्ली अजून कोरडी आणि आमच्या मागच्या खोलीत घोटाभर काळे पाणी, असे ते दृश्य होते. तुंबलेल्या चेंबरमधून गटाराचे पाणी घरात ढकलले जाते. मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त गवंडीकाकांनी त्यावरचा उपाय शिकवला. जुनी चादर घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, तो बोळा भांड्यात दाबून बसवायचा आणि वरून वाळूचे अर्धे भरलेले पोते ठेवायचे. अर्धेच भरलेले असावे. "गच्च भरलेलं पोतं दगडासारखं बसतं, कडेनं पाणी सोडतं. अर्धं असलं की ते अंग टाकतं," असे ते म्हणाले. पुढे चेंबरमध्ये उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्हही बसवला, तरी पोती ठेवलीच.

२०२१च्या जुलैत या सगळ्याची परीक्षा झाली. बावीस-तेवीस जुलैला घाटमाथ्यावर जो पाऊस झाला त्याने एकीकडे चिपळूण आणि महाड बुडाले आणि दुसरीकडे कृष्णा, पंचगंगा भराभर चढल्या. करोनाचे दिवस होते. नणंदेच्या घरी लहान बाळ होते, तरी तिने कशालाही आढेवेढे घेतले नाहीत. मात्र सासूबाईंनी घेतले. पंचेचाळीस फूट झाल्याचे कळले तेव्हा त्या देवासमोर बसून होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. आदल्या दिवशी त्यांनी नदीची ओटी भरली होती, त्यामुळे आता पाणी उतरेल अशी त्यांची खात्री होती. मी कपाटावरचा कागद काढून आणला आणि देवघराच्या भिंतीवरची सासऱ्यांची खूण व तिच्यावरची आमची रेघ दोन्ही दाखवल्या. "आई, मामंजींनी खूण कोरली ती पुढच्या वेळी उपयोगी पडावी म्हणूनच ना?" त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी अन्नपूर्णेची मूर्ती आणि बाळकृष्ण रुमालात बांधले आणि चपला शोधू लागल्या.

अठ्ठेचाळिसाला आम्ही तिघांनी खालचा मजला रिकामा केला. सराव केलेला होता म्हणून साडेचार तासांत झाला. सराव नसता तर इन्व्हर्टरची बॅटरीच राहिली असती. ती पन्नास-साठ किलोंची असते आणि आडवी करता येत नाही, कारण आतले आम्ल सांडते. दोघांनी उभी धरून जिना चढायचा आणि तिसऱ्याने मागून हात द्यायचा, हे आधी एकदा करून पाहिले होते. फ्रिज मात्र माडीवर जाईना. तो रिकामा करून, दार दोरीने बांधून, खिडकीच्या गजाला वरून आणि मधून असा दोन ठिकाणी आवळला. दोन पोती मोरीत, एक संडासात. मग निघालो.

पातळी पंचावन्न फुटांच्या आसपास जाऊन थांबली, म्हणजे हिशेबाने घरात अडीच फूट पाणी. परतल्यावर मोजले तर दोन फूट सात इंच निघाले. फ्रिज जागचा हलला नव्हता. मोटरमध्ये पाणी गेले होते, पण वाळवून आणि दुरुस्त करून तो पुढे दोन वर्षे चालला. पाणी अजून घोट्याएवढे असतानाच आम्ही आत शिरलो, याचा सर्वांत जास्त फायदा झाला. उतरत्या पाण्यात खराट्याने गाळ ढवळत दाराबाहेर ढकलला की तो पाण्याबरोबर निघून जातो. तोच गाळ दोन दिवस बसू दिला की सिमेंटसारखा होतो आणि खोऱ्याने खरवडावा लागतो. आत शिरताना मात्र काठीने आधी कोपरे चाचपावेत. आमच्या लोखंडी रॅकच्या खालच्या कप्प्यात धामण वेटोळे घालून बसली होती.

चुकाही झाल्या. जमिनीखालच्या टाकीतली पाण्याची मोटर काढायची राहिलीच, कारण ती कागदावर लिहिलेली नव्हती. झाकण लावलेले असूनही टाकीत गाळ गेला आणि मोटर जळाली. ती टाकी तीनदा उपसून, ब्लीचिंग पावडरने धुऊन घेईपर्यंत पंधरा दिवस पिण्याचे पाणी टँकरचे आणि त्यात मेडिक्लोर या जंतुनाशक औषधाचे थेंब, असे चालले. दुसरी चूक अधिक हास्यास्पद आहे. घराची कागदपत्रे, घरपट्टीची पावती, विम्याची पॉलिसी, रेशनकार्ड, पासबुक असे सारे मी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नणंदेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. पंचनाम्यासाठी माणसे दारात उभी राहिली तेव्हा त्यांना नेमके रेशनकार्ड आणि पासबुकच हवे होते, आणि नणंद गावाला गेली होती. आता मूळ कागद तिच्याकडे असतात, छायाप्रतींचा एक संच आमच्या अंगावरच्या पिशवीत असतो आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये. घराच्या प्रत्येक खोलीचे फोटोही दर मे महिन्यात काढून ठेवते, कारण नुकसान दाखवताना "आधी काय होते" हा प्रश्न हमखास येतो.

त्या कागदात आता दोन ओळी वाढल्या आहेत. पंचेचाळिसाच्या खाली "टाकीतली मोटर" आणि सगळ्यात वर, लाल शाईने, "आईंच्या गोळ्या महिनाभराच्या". दुसरी ओळ सासूबाईंनीच लिहून घेतली.

२०२४च्या जुलैत पाणी चाळिशीला टेकले आणि उतरू लागले. कागदाप्रमाणे टाकी भरली, गॅस वर गेला, पोती मोरीजवळ आली. त्या आठवड्यात रोज सकाळी दुधाची पिशवी आत घेता घेता सासूबाई पहिला प्रश्न विचारत, "भिलवडीला किती झालं गं?" पाणी गेले तरी पोती दोन आठवडे मोरीतच राहिली आणि त्यांना कुबट वास यायला लागला, तेव्हा ती गच्चीवर ओतून वाळू उन्हात पसरली. वाळल्यावर माझ्या मुलाने ती पुन्हा भरली, अर्धी अर्धी, आणि जिन्याखाली रचून ठेवली.