रेकॉर्डचा आवाज खरंच भारी असतो का?

मे महिन्यात मुंबईचे पाहुणे मालवणला आले की रेकॉर्ड प्लेअर बघून हमखास विचारतात, मोबाईलवर सगळं मिळतं मग हे कशाला? आणि रेकॉर्डवाले लगेच म्हणतात आवाज भारी असतो. मला ते अर्धंच पटतं. मोजायला गेलं तर डिजिटलच पुढे, १९८२ साली आलेल्या सीडीची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरात आवाजातलं अंतर, सुद्धा ९६ डेसिबलच्या आसपास, एलपीची (मोठ्या, ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची) साधारण ६०-७०, वर खरखर आहेच.

पण तरी कितीतरी जुन्या एलपींवर तबला न् तानपुरा मोकळा वाटतो, त्याचं कारण बऱ्याचदा मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड किंवा सीडी काढण्याआधी आवाजावर जो शेवटचा हात फिरवतात त्यात असतं. नव्वदीनंतर सीडीवर आवाज जमेल तेवढा चढवायची चढाओढ लागली, त्यात हळू आणि जोरातला फरकच दाबला गेला, आणि रेकॉर्डच्या खाचेत फार जोराचा आवाज कोंबला तर सुई उडू शकते. नवीन एलपी तशाच दाबलेल्या फाइलवरून काढली असेल तर तो मोकळेपणा तिच्यातही नाही मिळणार.

माझ्यासाठी खरी गोष्ट म्हणजे ती २०-२२ मिनिटं. एक बाजू तेवढीच, मग उठून उलटायची, त्यामुळे विलंबित ख्याल सुरू झाला की मी मध्येच पुढे ढकलत नाही, बसून ऐकतो. मोबाईलवर हे मला कधीच जमलं नाही. आतल्या खाचांशी सुई पोचली की शेवटच्या गाण्यात 'स' चरचरतो, कारण फेऱ्या मिनिटाला त्याच ३३ असल्या तरी आतला घेर लहान, सुईखालून खाच हळू सरकते. ते मी चालवून घेतो.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर दमट हवेत कव्हरला बुरशी धरते आणि खाचांत पांढरे ठिपके येतात. इन्व्हर्टरला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, भांडी धुवायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कपडा, आणि खाचांच्या दिशेनेच गोल पुसा, आडवं नाही, मग नुसत्या पाण्याने परत. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आडव्या रचल्या तर वाकतात. आणि आजोबांच्या वेळच्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड असतील तर स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं.