तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशा मिळाला, आता गणितं कशाला?

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, मी कॉम्प्युटरवर मेंदूतल्या पेशींची गणिती मॉडेल्स बनवते हे सांगितलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच, आणि २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला तेव्हापासून तर फारच. "कोण कोणाला जोडलंय ते सगळं कळलं ना आता, मग कॉम्प्युटरमध्ये टाका आणि चालू करा की, गणितं कसली करताय?" गेल्या महिन्यात एका काकांनी विचारलं, ते रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर, म्हणजे काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचीही सोय नाही. तेव्हा अर्धवटच बोलणं झालं, म्हणून आता नीट सांगते.

नकाशा भारी आहे यात वादच नाही. १ लाख ३९ हजार न्यूरॉन्स (म्हणजे मज्जापेशी), ५ कोटींच्या वर जोडण्या. पण मी तुम्हाला खूप छोटी गोष्ट दाखवते. खेकड्याचं पोट.

हसू नका. वेंगुर्ल्याला मावशी कुर्ल्या साफ करताना डोळ्यांच्या मागची जी पिशवी काढून टाकते ना, तेच ते. त्याच्या आत दात असतात, खरंच, खेकडा अन्न पोटात दळतो. आणि हे पोट हलवायला त्याच्यावर साधारण ३० न्यूरॉन्सचा एक बारका गुच्छ असतो, लॅबमध्ये त्याला एसटीजी म्हणतात. नसांसकट अलगद काढून थंड खाऱ्या पाण्यात ठेवला तरी तो आपला ताल धरून असतो, पोट नाही, खेकडा नाही, तरी सेकंदाला साधारण एकदा पीडी, मग एलपी, मग पीवाय (ही पेशींची नावं), परत पीडी, तासन् तास. बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस युनिव्हर्सिटीत ईव्ह मार्डर बाईंनी यावर कित्येक दशकं घालवलीत.

या सर्किटचा नकाशा कधीचाच मिळालाय. आता काकांचा प्रश्न इथे लावून बघू.

पीडीच्या गटात एक पेशी आहे जी स्वतःहून ठोके देते. बाकी एलपी आणि पीवाय काय करतात, तर मुख्यतः एकमेकांना गप्प करतात, बस. पीडीने आवाज केला की दोघं गप्प, पीडी थांबला की दोघंही उसळून वर येतात पण एलपी आधी येतो, तो पीवायला दाबतो, मग पीवाय सावकाश उठतो आणि एलपीला गप्प करतो, तेवढ्यात पीडीची पाळी परत. म्हणजे सगळं गप्प करण्यावर चाललंय आणि त्यातून ताल निघतोय. (पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आमच्या एकत्र कुटुंबातली जेवणाची पंगत आठवली होती.)

पण एलपी आधी का उठतो? ते नकाशात नाही. ते त्या पेशीच्या भिंतीत कुठली दारं किती आहेत त्यावर ठरतं, सोडियमची, पोटॅशियमची, कॅल्शियमची, आणि कुठलं किती पटकन उघडतं. या दारांची समीकरणं हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरून मांडली, आणि तेव्हा केंब्रिजचा कॉम्प्युटर बंद होता म्हणून हक्सलींनी हाताने हँडल फिरवायच्या मशीनवर ती सोडवली, तंतूतून धावणारा एक सिग्नल काढायला म्हणे तीन आठवडे लागले. आजही आमची बरीच मॉडेल्स याच समीकरणांची नातवंडं आहेत, फक्त हँडल गेलं.

तर मी नवीन असताना काय केलं, एका पेशीच्या दारांचे लोकांनी मोजलेले आकडे गोळा केले, वेगवेगळ्या खेकड्यांचे, मस्त सरासरी काढली आणि मॉडेलमध्ये घातली. मॉडेल मेलेलं. काही म्हणजे काही नाही, सपाट रेघ. दोन आठवडे कोडमध्ये बग शोधत होते. मग सीनियरने शांतपणे २००२ चा एक पेपर दिला, मार्डर बाईंच्याच ग्रुपचा, की सरासरी काढून मॉडेल चालेलच असं नाही. चंद्रकोर टिकली डोळ्यासमोर आणा, चालणारे सगळे आकडे त्या कोरीवर पसरलेत, आणि त्यांची सरासरी काढली तर ती पडते मधल्या पोकळ जागेत, जिथे काहीच चालत नाही. माझं नेमकं तेच झालेलं.

पुढे २००४ मध्ये अ‍ॅस्ट्रिड प्रिन्झ, डर्क बुकर आणि मार्डर यांनी तर कमालच केली, याच तीन प्रकारच्या पेशींची सर्किट्स, पेशींचे गुण आणि जोडण्यांची ताकद बदलत बदलत, किती चालवली माहितीये, २ कोटी २ लाख ५० हजार. त्यातली साधारण साडेचार लाख खऱ्या खेकड्यासारखा ताल देत होती, कडक निकष लावूनही. आतून एकमेकांशी काही मेळ नाही, एकात एखादी जोडणी जोरकस तर दुसऱ्यात तीच जवळजवळ नावाला, आणि बाहेरून ऐकाल तर तोच ताल. हा निव्वळ कॉम्प्युटरचा खेळ असेल अशी शंका मलाही होती. पण नंतर खऱ्या खेकड्यांतली तीच एक एलपी पेशी तपासली तर तिच्यातल्या त्या दारांच्या जनुकांचं काम एका खेकड्यापासून दुसऱ्यात दुपटीपासून चौपटीपर्यंत वेगळं निघालं. आणि सगळे खेकडे आपापलं नीट जेवत होते!

त्यात वरून डोपामिन, सेरोटोनिन वगैरे रसायनं येऊन पडली की त्याच जोडण्या वेगळाच ताल धरतात, ते तर अजून वेगळं प्रकरण.

तर काका, वायरिंग डायग्राम हवाच, त्याच्याशिवाय आम्ही आंधळे. पण तुमच्या सर्किटमध्ये प्रत्येक रेझिस्टरवर व्हॅल्यू छापलेली असते, इथे ती प्रत्येक खेकड्यात वेगळी असते, बदलत राहते, आणि तरी सर्किट चालतं. ते कशामुळे चालतं हे शोधायला गणितं लागतात.

मी सध्या काय करते तर मॉडेल्सना गरम करते. खऱ्या एसटीजीचं पाणी ७ वरून २३ डिग्रीला नेलं तर ताल साधारण चौपट वेगाने चालतो पण कोणाची पाळी चक्रात कुठे हे जवळपास तसंच राहतं. अजून तापवलं की मोडतो, आणि प्रत्येक खेकड्याचा वेगळ्या तऱ्हेने मोडतो, गार केलं की परत सुरू. म्हणजे जे खेकडे थंड पाण्यात अगदी सारखे वाटत होते ते तापल्यावर वेगळे निघतात. माझ्याकडे सारखी वाटणारी मॉडेल्स आहेत, रोज एकेक डिग्री वाढवते आणि कुठलं आधी बंद पडतं ते वहीत लिहून ठेवते. मावशीला सांगितलं तर म्हणाली, गरम पाण्यात कुर्ल्यांचं काय होतं ते मला विचारायचं होतंस.