शून्यावर झोपणारा काटा

काटेदुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक चुकतंय की काटा, हे वजनं ठेवली की लगेच कळतं. त्या दिवशी मात्र दोघंही खरी निघाली.

साखर पेठेतल्या एक मावशी स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डिजिटल काटा घेऊन आल्या. घरून शेंगा चटणीच्या ऑर्डरी करतात. "चटणी खारट होतीय ओ. प्रमाण तेच, मीठ तेच. काटाच बिघडलाय."

पासिंगची, म्हणजे सरकारी तपासणी झालेली वजनं ठेवली, अगदी ५ ग्रॅमपासून २ किलोपर्यंत. ५०० ग्रॅमचं चारही कोपऱ्यांवर सरकवलं. एका ग्रॅमचा फरक नाही. सेल नवे. पंखाही बंद करून पाहिला, कारण वारा लागला तरी हे काटे नाचतात.

शेवटी शेजारच्या हॉटेलातनं मीठ मागवलं. म्हटलं, "घरी मोजता तसंच करून दाखवा."

मावशींनी वाटी ठेवली, आकडा शून्य केला आणि चिमटीनं मीठ सोडायला लागल्या. चिमूट, शून्य. चिमूट, शून्य. "आधी जरा झोपतो बघा, मग उठतो." १५ आल्यावर तेच मीठ माझ्या काट्यावर घेतलं. १९ ग्रॅम!

तिथं माझी ट्यूब पेटली. गरमीनं लोडसेल, म्हणजे काट्यातला भार ओळखणारा भाग, किंचित सरकला तरी आकडा शून्यावर राहावा, अशी सोय या काट्यांत असते. पण अर्ध्या ग्रॅमहून कमी भार हळूहळू पडत गेला, तर ते मीठ आहे हे काट्याला कुठून कळणार? शून्याजवळची प्रत्येक चिमूट तो पुसून टाकतो. एकदा आकडा सुटला की पुढचं चोख. माझी वजनं एकदम पडतात, म्हणून मला काही सापडेना.

काटा उघडायची गरजच नव्हती. वाटी शून्य केली की शेजारी २० रुपयांचं नाणं टाकायचं. ते ८.५४ ग्रॅमचं, काटा ९ दाखवतो; मग मीठ २४ येईपर्यंत घालायचं. अशी पाच नाणी एकदम ठेवून ४३ आले, तर काटा ठीक आहे हेही घरबसल्या कळतं.

"पण विकायची पाकिटं यावर भरू नका," मी बजावलं. "त्याला सरकारी शिक्क्याचा काटा लागतो, दरवर्षी पासिंग करून."

"तो वेगळाय ओ," मावशी म्हणाल्या. "हा नुसता मीठमसाल्याला."